दगड झालेला डबा

गिरडला आलेल्या मालाचे दगड होतात, ही गोष्ट मला अगदी व्यवस्थित ठाऊक होती. तरीसुद्धा मी माझा माल तिथं लावला. चूक माझीच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात आमचं गिरड. गावाला लागून टेकडी आणि टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा. हिंदू काय, मुसलमान काय, सगळेच तिथं जातात. या टेकडीवर गोल गोल, सुपारी-जायफळासारखे दिसणारे दगड सापडतात. त्यांची गोष्ट अशी सांगतात की दोन फिरते व्यापारी माल घेऊन इथून चालले होते. त्यांना काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी बाबांची थट्टा केली. झालं! सगळ्या मालाचे जागच्या जागी दगड. व्यापाऱ्यांनी पाय धरले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. ते व्यापारी मग पुढे गेलेच नाहीत. इथंच सेवेला राहिले.

मी पडलो विज्ञानाचा मास्तर. हे दगड म्हणजे झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत, ते काळ्या कातळातल्या पोकळ्यांत तयार होतात, असं मी दरवर्षी पोरांना टेकडीवर नेऊन सांगत असे. पोरं 'हो सर' म्हणायची आणि चार-चार दगड खिशात घालून घरी न्यायची. त्यातला निम्मा माल देवघरात जायचा, निम्मा शेजाऱ्याच्या चिंचेवर.

तर २०१३ साली मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. तेहतीस वर्षं रोज सहा तास बोलायची सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता घशात शब्द दाटून आले आणि समोर वर्गच नाही. समोर फक्त सौभाग्यवती, आणि तिच्या हातात लाटणं.

पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर घड्याळ लावून मोजलं आणि त्याचा आलेख काढला. तिसऱ्या आठवड्यात दूधवाल्याला घनता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चौथ्या आठवड्यापासून दूधवाला दूध फाटकाबाहेरच ठेवून जाऊ लागला.

"अहो," सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही शाळेत जात होता ना, तेव्हा हे घर बरं चालत होतं."

मी समजायचं ते समजलो आणि माडीवर जाऊन जुनी पेटी उघडली. सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर, रेझिस्टन्स, कपॅसिटर... तरुणपणी ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायचा नाद होता, त्याचे हे अवशेष. आता काहीतरी लोकोपयोगी करायचं, असं मी ठरवलं. निवृत्त माणूस लोकोपयोगी काही करायचं ठरवतो, तेव्हा शहाण्या लोकांनी दारं लावून घ्यावीत. आमच्या शेजारच्या भाऊंनी ती लावली नाहीत.

भाऊंची जीप होती. काळी-पिवळी. गिरड, समुद्रपूर, जाम चौक अशी तिची दिवसभर ये-जा. कायद्याने जेवढी माणसं बसतात त्यापेक्षा किती जास्त बसायची हे मी लिहीत नाही. भाऊ अजून माझे शेजारी आहेत. या जीपला एकच रोग होता. वर्ध्याकडचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पलीकडे. त्यात भरलेली गाडी. पाणी उकळायचं. आणि टेंपरेचरचा काटा भाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून एकाच ठिकाणी झोपलेला. मागच्याच उन्हाळ्यात इंजिन तापून हेडचं गॅस्केट उडालं होतं आणि त्या दुरुस्तीत भाऊंच्या थोरल्या मुलीच्या कॉलेजचे पैसे गेले होते.

"भाऊ," मी म्हटलं, "मी तुम्हाला डबा करून देतो. पाणी पंच्याण्णव अंशांवर गेलं की बोंब मारेल."

"करा जी गुरुजी," भाऊ म्हणाले. "फुकटात होत असंन तं मले काय अडचण हाये?"

डबा साधा होता. एल. एम. ३५ नावाचा तीन पायांचा एक चिमुकला जीव असतो. एक अंश तापमान वाढलं की तो दहा मिलिव्होल्ट जास्त देतो. पंच्याण्णव अंशांला पाऊण व्होल्टाच्या वर, साडेनऊशे मिलिव्होल्ट. तो रेडिएटरच्या वरच्या नळीला बांधायचा, त्याच्या व्होल्टेजची तुलना एका छोट्या आयसीने करायची, आणि मर्यादा ओलांडली की बझर. जीपच्या बारा व्होल्टांचे पाच व्होल्ट करायला ७८०५ नावाचा रेग्युलेटर. हा रेग्युलेटर म्हणजे शाळेतला जुना शिपाई. आत पस्तीस व्होल्टांपर्यंत काहीही येऊ दे, बाहेर पाचच सोडणार. बारा कुठं आणि पस्तीस कुठं! मी निर्धास्त होतो. टेबलावर बॅटरी लावून, नळीऐवजी चहाच्या किटलीला बांधून, डबा आठ दिवस चालवला. किटली उकळली की डबा ओरडायचा. सौभाग्यवती म्हणाली, "किटली उकळलेली मला दिसते हो."

जीपमध्ये डबा बसला. वीज कुठून घ्यायची? बॉनेट उघडल्यावर सगळ्यात जवळ हॉर्नची वायर होती. तिच्यावरूनच घेतली. तिसऱ्या दिवशी डबा मेला. ७८०५ उघडून बघता येत नाही, पण हातात धरला तर अगदी टेकडीवरच्या दगडासारखा. आत काही नाही, बाहेर काही नाही.

आता हे लिहायला लाज वाटते. विजेच्या घंटेचा धडा मी तेहतीस वर्षं शिकवला. हॉर्न म्हणजे दुसरं काय? एक कॉइल, आणि सेकंदाला शेकडो वेळा तिचा प्रवाह तोडणारा संपर्क. कॉइलचा स्वभाव सभेतल्या वक्त्यासारखा असतो. आधी उठायला तयार नसतो, पण एकदा सुरू झाला की थांबायला तयार नसतो. अध्यक्षांनी मधेच माईक ओढून घेतला तर दुप्पट आवाजात ओरडतो. प्रवाह तोडला की कॉइल असंच करते. बारा व्होल्टांच्या गाडीत शंभराच्या घरातला उलटा झटका काढते. क्षणभरच, पण रेग्युलेटर मरायला क्षण पुरतो. आणि भाऊ काळी-पिवळी चालवणारे. ते हॉर्न वाजवत नसत, हॉर्न वाजायचा थांबला की ते गाडी थांबवत.

मी नवा रेग्युलेटर घातला. हॉर्नचा नाद सोडून डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या पेटीतून वीज घेतली. महिनाभर डबा उत्तम चालला. एकदा ओरडलासुद्धा. भाऊंनी गाडी थांबवून पाणी ओतलं आणि संध्याकाळी पेढे आणले. मी मनातल्या मनात दुसऱ्या डब्याचा नकाशा काढायला लागलो.

आणि मग ती सकाळ उजाडली. बॅटरी उतरली होती, म्हणून आम्ही चौघांनी जीपला धक्का मारला. गाडी सुरू झाली, बसस्थानकापर्यंत गेली, तिथल्या खड्ड्यात आदळली आणि एका दमात सगळं गेलं. हेडलाइटचे बल्ब गेले, मागचे दिवे गेले, सकाळी भजनं आणि दुपारी कव्वाली लावायचा भाऊंचा टेप गेला आणि माझा डबा गेला. डब्यातून तर धूरसुद्धा निघाला. धूर फक्त माझ्याच डब्यातून निघाल्यामुळे गुन्हेगार कोण हे साऱ्या बसस्थानकाने ठरवून टाकलं.

भाऊ संध्याकाळी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डबा पिशवीतून काढून ओसरीवर ठेवला.

"गुरुजी, गरिबाच्या पोटावर कायले प्रयोग करता जी?" एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा राम राम बंद झाला. अंगणात समोरासमोर आलो की ते जीपच्या चाकाकडे बघायचे आणि मी आभाळाकडे. वीस वर्षांचा शेजार. माझ्या मुलाच्या लग्नात वरात याच जीपमधून निघाली होती. माझ्या आईला मध्यरात्री हिंगणघाटला दवाखान्यात नेलं तेही याच जीपमधून, आणि भाऊंनी डिझेलचेसुद्धा पैसे घेतले नव्हते. आणि मी त्यांचे दिवे घालवले होते. की घालवले नव्हते? हेच मला कळत नव्हतं, आणि विज्ञानाच्या मास्तराला त्याचाच त्रास जास्त होता. तीन रात्री मी तो डबा उशाशी घेऊन झोपलो.

चौथ्या दिवशी एस. टी. ने जाम चौकात गेलो. नागपूर–हैदराबाद महामार्गावरच्या या चौकात माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दहावीत विज्ञानात नापास. दुकानात पाऊल ठेवताच तो हातातला पान्हा टाकून पाया पडला. मी डबा पुढे केला. त्याने तो हुंगला. मी चौदा पानांचा सिद्धांत मांडायच्या तयारीत होतो. त्याने एकच विचारलं.

"सर, गाडी त्या दिवशी धक्का मारून चालू केली होती काय?"

"हो."

"अन् खड्ड्यात आदळली?"

"हो."

"मंग बॅटरीचं टर्मिनल हाललं असंन. तुमच्या डब्याचा कायचा दोष? सगळेच मेले, त्यात तो बी मेला."

मग त्याने मला गाडीची वीज शिकवली. स्टुलावर मी, उभा तो. आल्टरनेटर म्हणजे मोटेला जुंपलेला बैल, असं तो म्हणाला. उतरलेली बॅटरी भरताना बैल अंगातला सगळा जोर लावून ओढत असतो. अशा वेळी मधेच नाडा तुटला तर बैल थांबतो होय? भसकन पुढे जाऊन पडतो. बॅटरीचं टर्मिनल सुटलं की तेच होतं. आल्टरनेटरमधलं चुंबकत्व काही पटकन उतरत नाही, त्याचा रेग्युलेटर कितीही आवरायला गेला तरी त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या एक-दोन दशांशांत, चौदा व्होल्टांच्या जागी ऐंशी, कधी शंभरावर व्होल्ट उसळतात. हॉर्नचा झटका म्हणजे विंचवाचा डंख. हा म्हणजे पूर. आणि पूर प्यायला बॅटरीच जागेवर नाही.

"बॅटरी फक्त गाडी चालू करायले नसते सर. साऱ्यायचं सोसायले असते. ते हाय तोवर कोनाले कळत नाही."

मी गप्प बसलो. माझ्या डोळ्यांसमोर कुकरच्या शिट्ट्यांचा आलेख उभा राहिला. तेहतीस वर्षं जोर लावून ओढत होतो आणि एका संध्याकाळी शाल-श्रीफळ देऊन कुणी तरी टर्मिनल काढून घेतलं होतं. त्यानंतरचे शंभर व्होल्ट कुठं गेले? डब्यांच्या चिठ्ठ्यांत, दूधवाल्यावर, भाऊंच्या जीपवर. आणि मुख्यतः त्या बाईवर, जिला मी आजवर घरातली बॅटरी कधी म्हटलंच नव्हतं.

"काय झालं सर?"

"काही नाही. पुढे सांग."

पुढचं त्याने कागदावर काढून दिलं. त्याच्या आकृतीला मी दहापैकी नऊ गुण दिले असते. वीज फ्यूजच्या पेटीतून नाही, थेट बॅटरीवरून घ्यायची आणि अर्थही तिथंच द्यायचा. म्हणजे मधल्या तारांवरच्या भानगडी आपल्यापर्यंत येत नाहीत. सुरुवातीलाच अर्ध्या अँपिअरचा फ्यूज. तो स्वतः जळतो, पण गाडी जळू देत नाही. त्यानंतर १एन४००७ हा डायोड. कुणी बॅटरी उलटी जोडली किंवा उलटा झटका आला तर हा दार लावून घेतो. मग तेहतीस ओहमचा, पाच वॅटचा वायरवाऊंड रेझिस्टन्स. माझा डबा खाणार पन्नास मिलिअँपिअरसुद्धा नाही, त्यामुळे एरवी त्याची अडचण नाही. पण पूर आला की हा बंधाऱ्यासारखा आडवा पडतो. बंधाऱ्याच्या पलीकडे चोवीस व्होल्टांचा टीव्हीएस डायोड. हा दिवसभर काहीच करत नाही. पण व्होल्ट वर चढू लागले की स्वतःचं अंग मधे घालून सगळा प्रवाह जमिनीत सोडतो आणि पलीकडच्याला पस्तिशी गाठू देत नाही. आणि शेवटी एक मोठा कपॅसिटर. स्टार्टर मारताना बॅटरी क्षणभर सहा-सात व्होल्टांवर बसते, तेवढ्यापुरती ही घरातली शिदोरी.

"आणि हॉर्नचं काय?"

"हॉर्नले रिले लावू. रिलेच्या कॉइलवर एक डायोड उलटा टाकू. बंद केल्यावर ते जे बोंबलते ना, त्याले तिथल्या तिथं फिरू द्यायचं. थकते अन् बसते."

म्हणजे माईक ओढून घेतलेल्या वक्त्याला हाताला धरून कोपऱ्यात न्यायचं, चहा द्यायचा, आणि उरलेलं भाषण तिथंच पुरं करू द्यायचं. हे आमच्या संमेलनांना कधी सुचलं नाही.

मी घरी येऊन पुस्तकं चाळली तर पोराचं अक्षर न् अक्षर खरं. मोटारींच्या जगात या झटक्यांची रीतसर प्रश्नपत्रिका असते. आयएसओ ७६३७ नावाचं मानक आहे, त्यात झटक्यांना पल्स एक, पल्स दोन, पल्स तीन असे क्रमांक दिलेले. कंपनीत बनलेल्या उपकरणाला ही परीक्षा द्यावी लागते. माझा डबा किटलीची तोंडी परीक्षा देऊन थेट नोकरीला लागला होता.

निघताना मी विचारलं, "हे सगळं तू शिकलास कुठं रे?"

तो लाजला. "तुमच्याच वर्गात सर. स्वयंप्रवर्तन. तुमी मले वर्गाच्या बाहेर काढलं होतं, मंग मी खिडकीतून आयकलं. आत असतो तं झोपलो असतो."

पैसे विचारले तर त्याने कानाला हात लावले. जुन्या गाड्यांतून काढलेले डायोड, कपॅसिटर, एक रिले आणि वायरचं भेंडोळं, असं सगळं भंगारातून वेचून त्याने माझ्या पिशवीत भरलं. वाळक्या पानांतून माल करून दिल्याची गोष्ट मी तेहतीस वर्षं हसत हसत सांगत आलो होतो. परतीच्या एस. टी. त मी पिशवी मांडीवर धरून बसलो आणि हसलो नाही.

भाऊंकडे जाणं जास्त अवघड होतं. मी बल्बांचा नवा संच घेऊन गेलो.

"भाऊ, डब्याने दिवे घालवले नाहीत. तुमच्या बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे. पण मला जे माहीत असायला हवं होतं ते मला माहीत नव्हतं. ती चूक माझी."

भाऊंनी बॉनेट उघडलं. टर्मिनलला बोट लावलं. ते दुधाच्या दातासारखं हललं. भाऊ बराच वेळ त्या टर्मिनलकडे बघत राहिले.

"हे तं मी दिवाळीपासून कसतो कसतो म्हणत होतो," ते म्हणाले. मग आत वळून, "अवं, गुरुजीसाठी च्या ठेव!"

राम राम पुन्हा सुरू झाला. टर्मिनल कसलं, रिले बसला, तिसरा डबा बसला. २०१५ च्या मे महिन्यात, भर दुपारी, जीप गच्च भरून समुद्रपूरहून परत येत असताना डबा ओरडायला लागला. सगळे प्रवासी आपापले मोबाइल काढून बघू लागले. एका आजीबाईंनी तर मोबाइल कानाला लावून 'हालो' म्हटलं. भाऊंनी गाडी बाजूला घेतली. फॅनबेल्ट तुटला होता. आणखी दोन-तीन किलोमीटर गेले असते तर इंजिन गेलं असतं, आणि बरोबर धाकटीची फीसुद्धा. संध्याकाळी भाऊ ओसरीवर येऊन बसले.

"गुरुजी, तुमचा डबा बोलला जी."

मला आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. हे एक मी पाठ करून ठेवलंय.

आता आठवड्यातून तीन संध्याकाळी मी जाम चौकात जातो. विद्यार्थ्यानेच सांगितलं, "सर, येत जा ना. माझ्या पोरांले मीटर लावता येते, पन कशाचा लावून रायलो ते समजत नाही." दुकानातली चार पोरं, स्टुलावर मी, आणि ट्रकच्या आवाजाच्या वर चढवलेला माझा जुना आवाज. दोन तास बोललो की अंगातले जास्तीचे व्होल्ट उतरतात. भाऊ जाताना नेतात, येताना आणतात. भाडं घेत नाहीत; घ्या म्हटलं की हॉर्न वाजवतात.

घरात आता शांतता आहे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मीच काढून टाकल्या. टीव्हीएस डायोडचं काम मी एकदा सौभाग्यवतीला नीट समजावून सांगितलं. एरवी काहीच न बोलता बसून असतो, झटका आला की अंगावर घेतो, पलीकडच्याला कळूसुद्धा देत नाही. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"आणि त्याची किंमत किती म्हणालात?"

"असेल पंधरा-वीस रुपये."

"तरीच," ती म्हणाली, "कुणाचं लक्ष जात नाही."

आमच्या दिवाणखान्यातल्या फळीवर टेकडीवरचे दोन दगड आहेत. त्यांच्याशेजारी मी ते दोन मेलेले रेग्युलेटर ठेवले आहेत. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगतो, गिरडचा माल. दोन बाबांच्या वेळचे, दोन माझ्या. आणि पाहुण्यांनी आणखी काही विचारलंच, तर सौभाग्यवती आतून आवाज देते, "अहो, आज जामला जायचं नाही का?"